बिनढाळाची गॅलरी

आमच्या घरात भिंतीवरची एकही तसबीर वाकडी नाही. कॅलेंडरसुद्धा नाही. यात माझं किंवा बायकोचं कौतुक काही नाही. तात्या कधीही चहाला टपकतील आणि चपला काढायच्या आधी भिंतीकडे बघतील, या धाकानं लागलेली ती सवय आहे. तात्या जाऊन आता वर्ष होत आलं, तरी केर काढता काढता बायको तसबिरीचा कोपरा बोटानं सारखा करते आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो.

तात्या मूळचे कोल्हापूरचे. पिंपरीतल्या एका कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. मशीनवरून उतरलेला प्रत्येक पार्ट आधी त्यांच्या टेबलावर यायचा. बरोबर असला तर पुढे जायचा, नसला तर तात्या त्यावर लाल रंगाचा एक फटकारा मारायचे. फटकारा बसला की विषय संपला. मग प्रॉडक्शन मॅनेजर येऊन गयावया करो नाहीतर आदळआपट करो. मी परभणीहून येऊन अप्रेंटिस म्हणून त्यांच्या हाताखाली लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी एक पार्ट हातात घेऊन मी म्हणालो होतो, "हा ठीक दिसतोय, तात्या."

"दिसाय काय, नवरदेव बी मांडवात ठीकच दिसतोय," तात्या म्हणाले. "मोज."

'मोज' हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. त्या शब्दासाठी त्यांच्याकडे एक दैवतही होतं. लाकडी पेटीत, हिरव्या मखमलीवर ठेवलेली स्पिरिट लेव्हल. लेथ मशीन बसवताना जमीन सपाट आहे की नाही ते बघायला वापरतात, त्या जातीची. काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आला की तात्यांचा चेहरा उजळायचा. ती कंपनीची नव्हती, त्यांची स्वतःची होती, आणि ती दुसऱ्या कुणी हातात घेतलेली त्यांना खपत नसे. "डोळा खोटं बोलतोय, बुडबुडा न्हाई," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे.

नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. किंवा राहत असतील, पण ते वापरायचे नाहीत. प्रत्येकाला त्याच्या जिल्ह्यानं हाक. "ए सातारा, गेज आण." "सोलापूर कुठं मेलंय?" आमच्या खात्यात आधीच एक परभणीचा असल्यामुळे मी 'नवं परभणी' झालो. जुनं परभणी चाकणच्या कंपनीत निघून गेलं तरी मी नवंच राहिलो. माझ्या लग्नानंतर त्यांनी बायकोची ओळख 'परभणीची मंडळी' म्हणून करून दिली, तेव्हा ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मी जालन्याची आहे." तात्यांनी गंभीरपणे मान हलवली. "मग एका घरात दोन जिल्हे झाले. पाणी सोडण्यावरनं भांडू नका म्हंजे झालं."

कोल्हापूरच्या माणसाला कुठेही नेऊन ठेवा, तो आठ दिवसांत फुटबॉल शोधतो. तात्यांना इथे तो सापडला नाही, म्हणून त्यांनी क्लब काढला. कामगारांचा क्लब. आमच्या भागात सुट्टी गुरुवारी, म्हणून सामनेही गुरुवारी. पुण्याचे संघ कुरकुरत यायचे. मैदान गावातल्या बापूंचं. त्यांच्या रानाला चारी बाजूंनी कंपन्यांनी वेढलं होतं आणि विहिरीचं पाणी पिकाला देण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं. पोरं तिथे खेळायला लागली तेव्हा बापू बांधावर उभे राहून बघायचे. पुढे त्यांनी ते रान रीतसर क्लबच्या नावावर करून दिलं. भावकी म्हणाली, म्हाताऱ्याला चळ लागला. बापू म्हणाले, "कंपनीला दिलं आसतं तर भिंत घातली आसती. ही पोरं निदान मला खुर्ची देत्यात."

ती खुर्ची बापूंना मिळायची, बाकीचे उभे. म्हणून तात्यांनी गॅलरी बांधायची काढली. दर गुरुवारी श्रमदान. काँक्रीटच्या पायऱ्या, मैदानाच्या एका अंगाला, खालून वर चढत गेलेल्या. खाली मोकळी जागा, सामान ठेवायला. सिमेंट वर्गणीचं, सळई कुठल्या कुठल्या कंपनीतून स्वस्तात मिळवलेली, आणि मजूर म्हणजे आम्हीच. फिटर, टर्नर, वेल्डर, इन्स्पेक्टर. सगळी लोखंडाची माणसं. बांधकामातलं कळणारा एकच, गावातले दगडू गवंडी. त्यांना मजुरी देऊन आणलं होतं, पण त्यांचं ऐकायचं असं काही ठरलं नव्हतं.

पहिल्या पायरीचा कोबा करायच्या वेळी दगडू म्हणाले, "तात्या, फुडल्या अंगाला जरा ढाळ द्या. पाणी जाया पायजे."

तात्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू कुणी वाकडा पार्ट पास करायला सांगतंय. "ढाळ म्हंजे चूक, गवंडी. माझ्या हातनं वाकडं काम हुणार न्हाई."

"वाकडं न्हाई वो. थोडा उतार."

"थोडं वाकडं ते वाकडंच की."

दगडूंनी खांदे उडवले आणि तंबाखू मळायला बसले. तात्यांनी पेटी उघडली. मग एकेक पायरी लेव्हल लावून, बुडबुडा मध्ये आणून, आडवी-उभी तपासून पुरी झाली. कुठे बुडबुडा केसभर सरकला तर ओला कोबा खरवडून पुन्हा. आम्ही उन्हात कावून जायचो. पण काम झालं तेव्हा मान्य करावं लागलं की अशी सपाट गॅलरी सबंध महाराष्ट्रात नसेल. मशीन बसवायची असती तर एक नंबर होती.

पावसाळ्यात प्रत्येक पायरीवर पाणी उभं राहिलं. जाणार कुठे? ताटात वाढल्यासारखं समसमान, कडेपर्यंत. लोक सामना बघायला आले आणि छत्र्या मिटून बघतच राहिले. तात्यांनी सगळ्या पायऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "बघा, पाणी सगळीकडं सारख्या उंचीचं हाय." त्यांना त्याचा खरोखरच अभिमान वाटत होता. मग ते घरी गेले आणि फरशी पुसायचा वायपर घेऊन आले.

तिथून आमच्या क्लबाची रीत सुरू झाली. तात्यांनी पायऱ्या जिल्ह्यांना वाटून दिल्या होत्या. सगळ्यात वर लातूर, मग सोलापूर, परभणी, सातारा, आणि सगळ्यात खाली मैदानाला लागून कोल्हापूर. पावसाळ्यातल्या प्रत्येक सामन्याआधी ज्यानं त्यानं आपापल्या पायरीचं पाणी ओढायचं. पण वरच्यानं ओढलं की ते खालच्याच्या पायरीवर येणार, म्हणून सुरुवात लातूरनं करायची आणि शेवट कोल्हापूरनं. लातूरला यायला उशीर झाला की सगळे खोळंबायचे, आणि कुणी घाई करून आधी पुसलं की वरून लोट यायचा आणि भांडण जुंपायचं. बायकापोरं, डबे, चहाची किटली, आणि हातात वायपर. शेवटी अख्ख्या महाराष्ट्राचं पाणी कोल्हापूरच्या पायरीवर यायचं आणि तात्या लुंगी खोचून ते एकट्यानं मैदानाकडे ढकलायचे. कोल्हापूर कोरडं झाल्याशिवाय शिट्टी वाजत नसे. पाहुण्या संघाचा एक कोच एकदा वैतागून म्हणाला, "काका, हे काय प्रकरण आहे?" तात्या म्हणाले, "वॉर्मअप."

मला स्वतःला सामन्यांपेक्षा हे पाणी ओढणंच जास्त आठवतं. नवा माणूस गावाकडून आला, कुणाला ओळखत नाही, खोलीवर एकटा पडून आहे, तर त्याला गुरुवारी वायपर देऊन उभा करायचा. खालच्या पायरीवर पाणी गेलं की शिव्या बसायच्या, आणि शिव्या बसल्या की ओळख झालीच. मला माझी निम्मी माणसं त्या पाण्यात मिळाली.

तात्यांचा सरळपणा सोसायला सोपा नव्हता. एका सेमी-फायनलला लाइनमन आला नाही म्हणून तात्यांच्या हातात झेंडा दिला. अगदी शेवटी आमच्या पोरानं गोल मारला, गॅलरी नाचायला लागली आणि तात्यांचा झेंडा वर. ऑफसाइड. "अर्धा बूट फुडं हुता," एवढंच म्हणाले. आम्ही हरलो. महिनाभर पोरं त्यांच्याशी नीट बोलली नाहीत. मी काकींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, गाऱ्हाणं नेलं तर त्या म्हणाल्या, "तुमाला गुरुवारचंच हाय. मला रोजचं हाय. भाकरी वाकडी झाली तर खात्यात, पर सांगून खात्यात."

वर्षं गेली. कंपन्या चाकणला सरकल्या, काही बंद पडल्या. आम्ही म्हातारे होऊन संत तुकाराम नगरात नाहीतर मोशीकडे फ्लॅट घेऊन बसलो. पोरं मात्र येत राहिली. चाकणला फर्स्ट शिफ्ट करून, कंपनीच्या बसमधून उतरून, बूट बदलून थेट मैदानात. आणि गॅलरीला पोपडे धरायला लागले. खालच्या बाजूनं गंजलेल्या सळया दिसायला लागल्या. एके संध्याकाळी काँक्रीटचा एक मोठा तुकडा खाली लावलेल्या मोटरसायकलच्या सीटवर पडला. मालक नुकताच गाडीवरून उतरला होता.

क्लबचा सेक्रेटरी मी. एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांनी हातोडीनं जागोजागी ठोकून बघितलं, खालून टॉर्च मारला, फोटो काढले. तात्या त्यांच्या मागे मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून. शेवटी बाई म्हणाल्या, "दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, काका. पाडावी लागेल. नवीन बांधायची तर खर्च तुमच्या क्लबाच्या आवाक्यातला नाही, खरं सांगते."

"कशानं गेली?" तात्यांनी विचारलं.

"पाण्यानं. पायऱ्या एकदम सपाट आहेत. वरून पुसलं तरी पाणी हळूहळू आत मुरतच राहतं, मग सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते."

"ढाळ असता तर?"

बाईंना कल्पना नव्हती त्या कुणाला काय सांगताहेत. "तर अजून पुष्कळ टिकली असती," त्या म्हणाल्या. "बांधकाम तसं चांगलं आहे हो. कुणी केलंय?"

तात्या खालच्या पायरीची कड बोटानं चाचपत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो तर प्रत्येक पायरीच्या कडेला लाल रंगाचा फटकारा होता. लातूरपासून कोल्हापूरपर्यंत. मला रडू आलं, आणि ते कुणी बघायच्या आत मी गाडीला किक मारली.

आता प्रश्न पुढचा. उत्तर घेऊन आला सागरशेठ, बापूंचा नातू. जमिनीच्या व्यवहारात मोठा झालेला, गळ्यात जाड चेन, पण एके काळचा आमचाच गोलकीपर आणि मनानं वाईट नाही. सभासदांची सभा गॅलरीवर बसण्याची सोय राहिली नव्हती म्हणून मैदानात सतरंज्या टाकून भरली. तात्या अध्यक्ष. सागरशेठनं मोबाइलवर रंगीत चित्र सगळ्यांत फिरवलं. पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकच्या निळ्या खुर्च्या, खाली दुकानांचे गाळे, मैदानावर टर्फ, म्हणजे हिरवं नकली गवत, चारी बाजूंनी लाइट.

"क्लबचा एक रुपया जाणार न्हाई," तो म्हणाला. "समदं मी करतो. तुमी फकस्त सही करा. माज्या आज्याचं मैदान हाय, मला बी काय तरी वाटतंच की."

लोक खूश झाले. का नाही होणार? कुणाची कंबर गेलेली, कुणाचे गुडघे. छप्पर आणि पाठ टेकायला खुर्ची फुकट मिळत होती. सातारा म्हणाला, आता वायपर भंगारात घाला. मीही मनातल्या मनात सही करून मोकळा झालो होतो. तात्या गॅलरीला जिवापाड जपतात, तेव्हा नवी गॅलरी मिळतेय म्हटल्यावर तेही हो म्हणतील, अशी माझी खात्री होती. सही होणार की नाही ते मात्र त्यांच्यावरच होतं. अध्यक्षाशिवाय कागद पुढे सरकत नव्हता, आणि त्यांच्याविरुद्ध मत द्यायला कुणी धजलं नसतं.

तात्यांनी विचारलं, "गॅलरीचा खर्च तू करणार. मग मैदान काय करणार?"

"म्हंजे?"

"टर्फवर कोण खेळणार?"

सागरशेठ जरा सावरून बसला. "संध्याकाळी तासावर भाड्यानं द्यावं लागंल, तात्या. हिंजवडीची, वाकडची आयटीची पोरं येत्यात, तासाला चांगलं देत्यात. त्याबिगर खर्च निघायचा न्हाई. आपल्या पोरांला सकाळ फुकट. लिहून देतो."

"सकाळी आपली पोरं कुठं असत्यात?"

सकाळी आमची पोरं चाकणच्या बसमध्ये असतात, हे सागरशेठलाही माहीत होतं.

तात्या उठले. उठायला त्यांना वेळ लागायचा, गुडघ्यावर हात ठेवून. "गॅलरी माझी चूक हाय," ते म्हणाले. "दगडू गवंड्यानं सांगितलं हुतं ढाळ दे. तो बरोबर हुता. मी ऐकलं न्हाई. त्यो आज असता तर त्याच्या फुडं बी हेच बोललो असतो." मग ते गॅलरीकडे वळले. "चूक गॅलरीत हाय. तिची किंमत मैदानानं कशाला भरायची? पाडा ती. आपन बांधावर बसू. बापू बांधावरनंच बघत न्हवते व्हय?"

"बापूला तुमी खुर्ची दिलती," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभेत हसू पसरलं. पण हसू ओसरल्यावर लोक एकदा गॅलरीकडे आणि एकदा चित्राकडे बघायला लागले. छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या आणि जुनी गॅलरीही चालली, हे हळूहळू ध्यानात येत होतं. तात्यांना मात्र ते उठायच्या आधीच कळलेलं होतं. लातूरनं पहिला हात वर केला. त्याच्या मागोमाग सोलापूर, मग बाकीचे, पाणी उतरावं तसे वरून खाली.

सागरशेठनं मोबाइलमधलं चित्र बंद केलं. मग म्हणाला, "बांधाला मुरूम लागंल. माज्या साइटवरचा टाकून देतो. त्याला तरी न्हाई म्हनू नका." जेसीबीही त्याचाच आला.

पाडायच्या दिवशी तात्या आले नाहीत. दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ते पलंगावर बसून होते, काकी शेंगा सोलत होत्या. चहा झाला. इकडचं तिकडचं बोललो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं. दुपारपर्यंत आटपलं."

"कुठली पायरी लवकर तुटली?"

"वरच्या पटापट गेल्या. खालची, कोल्हापूरची, जेसीबीला जड गेली. ड्रायव्हर घामाघूम झाला."

हे खरंच होतं. तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. तसबिरी सरळच होत्या. "काँक्रीट चांगलं हुतं," ते म्हणाले. "ढाळच न्हवता." काकींनी शेंगांची पाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी चपला घालून बाहेर पडलो.

मुरमाचा बांध घातला, त्यावर माती, मातीत हरळी. गावातल्या पोरांनी फावड्यानं बसण्यापुरत्या पायऱ्या काढल्या, वेड्यावाकड्या, कुठे उंच कुठे बुटक्या. ती पोरं दगडूंच्या भावकीतलीच. त्यांना लेव्हल कुणी दिली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही.

श्रावणातल्या एका गुरुवारी सामना होता. दुपारभर पाऊस कोसळला आणि सामन्याच्या तोंडावर थांबला. मी पोचलो तर सवयीनं चार-पाच जण वायपर घेऊन आलेले, आणि ते कुठे ठेवावेत ते न कळून एकमेकांकडे बघत उभे होते. पाणी नव्हतंच. हरळी ओली होती, पण सगळं पाणी आपोआप उतरून चरातून ओढ्याकडे निघालं होतं. मग तात्या आले. लुंगी खोचलेली, एका हातात वायपर, काखेत लाकडी पेटी. वेळेआधी आलेली आमची चाकणची पोरं मैदानात पास देत होती, त्यांच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. खालच्या पायरीपाशी, जिथे कोल्हापूर होतं तिथे, ते खाली बसले. पेटी उघडली, लेव्हल काढली, लुंगीच्या टोकानं पुसली आणि हरळीवर ठेवली.

बुडबुडा सरकत गेला आणि नळीच्या एका टोकाला जाऊन चिकटला.

आता काय म्हणतात, याची धास्ती. फावडं घेऊन पायरी नीट करायला लावतील, असंच मला वाटलं. तात्या बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. लेव्हल उचलली, फिरवून पुन्हा ठेवली. बुडबुडा पुन्हा टोकाला.

"चुकलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी लेव्हल पुसून पेटीत ठेवली, पेटी बंद केली, आणि त्याच वाकड्या पायरीवर टेकून बसले.

"राहू दे," म्हणाले, आणि रेफरीला शिट्टी वाजवायची खूण केली.